प्रोसेसर तापतोय? कूलर घेण्याआधी खोलीचं तापमान वजा करून बघा

एप्रिल सुरू झाला की घरोघरच्या कॉम्प्युटरचे पंखे ओरडायला लागतात. गेम मधेच अडखळतो, थंडीत झटपट होणारा व्हिडिओ एक्स्पोर्ट रेंगाळतो आणि तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ९० च्या पुढचे आकडे दिसतात. मग दुकानात फोन जातो आणि तिकडून उत्तर येतं, "लिक्विड कूलिंग टाकून घ्या." बऱ्याच घरांत त्याची काहीच गरज नसते. कुठे थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, वाळलेली असते, कुठे कॅबिनेटमध्ये हवा शिरायला जागाच नसते, तर कुठे मदरबोर्डने प्रोसेसरला कूलरच्या कुवतीबाहेर वीज ओढायची मोकळीक दिलेली असते. काही ठिकाणी मात्र कूलर खरोखरच अपुरा असतो. आपलं दुखणं यातलं कुठलं, हे घरच्या घरी एका संध्याकाळीत कळतं. म्हणून खरेदीचा विषय जरा पुढे ठेवतो.

आधी आपलं बजेट काढा, पैशांचं नव्हे, अंशांचं

हवेवरचा असो की पाण्यावरचा, घरगुती कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीत आणून टाकणं एवढंच त्याचं काम. खोली १ अंशाने तापली की प्रोसेसरही साधारण १ अंशाने वर चढतो. त्यामुळे "माझा ८५ वर जातो" एवढं सांगून काहीच कळत नाही. २२ अंशांच्या खोलीत ८५ म्हणजे फरक ६३ चा, आणि ३८ अंशांच्या खोलीत ८५ म्हणजे फरक ४७ चा. दुसऱ्या घरातला कूलर पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करतोय. परदेशी चाचण्या बहुतेक विशीतल्या तापमानाच्या खोलीत होतात. तिथे ७० दिसलेला प्रोसेसर आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी ८५-९० वर असणार, आणि त्यात कूलरचा दोष नाही.

दुसरा आकडा प्रोसेसरच्या मर्यादेचा. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. रायझन ५०००-७००० मधल्या थ्रीडी कॅश (प्रोसेसरवरच रचलेली जादा मेमरी) असलेल्या प्रोसेसरची त्याहून कमी: ५८००एक्स३डीची ९० आणि ७८००एक्स३डीची ८९. तिथे पोहोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. तो जळत नाही, पण तुम्ही ज्या वेगाचे पैसे मोजलेत तो वेग मिळत नाही.

आता वजाबाकी करा. तुमच्या घरातली सगळ्यात तापलेली दुपार धरा. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा वरच्या मजल्यावरची खोली सहज ४० ला असते. मर्यादा १०० असेल तर हातात ६० अंश उरले. पुण्यात खोली ३३ धरली तर ६७. एसीच्या २६ अंशांत ७४. हेच तुमच्या कूलरचं बजेट. पूर्ण भारावर प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक या आकड्यापेक्षा दहाएक अंशांनी कमी राहिला, की कूलर पुरेसा आहे. ७८००एक्स३डी नागपुरात चालवायचा असेल तर हाती फक्त ४९ अंश आहेत. बरं झालं, तो प्रोसेसर मुळातच कमी वीज खातो.

मोजायचं कसं

साधा खोलीचा थर्मामीटर घ्या आणि तो कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पंख्यांच्या तोंडाशी ठेवा. मागे ठेवू नका, तिथे गरम हवा येते. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि फक्त सेन्सर दाखवायला सांगा. इंटेलमध्ये "सीपीयू पॅकेज" आणि रायझनमध्ये "टीसीटीएल/टीडाय" ही ओळ तापमानाची. त्याच यादीत "पॅकेज पॉवर" म्हणजे प्रोसेसर किती वॉट खातोय, चालू वेग आणि पंख्याचे फेरे मिळतील. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ आणि ‘स्ट्रेस-एनजी’ या दोन कमांड तेच काम करतात.

भार टाकायला सिनेबेंच आर२३ ची १० मिनिटांची चाचणी पुरते. प्राइम९५ मधली सर्वांत कडक चाचणी मी सुचवत नाही. तेवढा भार घरगुती वापरात कधीच येत नाही आणि तिच्यावरून कूलर निवडला तर गरजेपेक्षा महाग कूलर घेतला जातो. चाचणी संपत आली की पाच गोष्टी वहीत लिहा: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, वॉट, वेग, पंख्याचे फेरे. वॉट लिहायला चुकू नका. रायझन ७००० चे मोठे प्रोसेसर कूलर कितीही चांगला असला तरी जोर लावत लावत ९५ पर्यंत जातात, त्यांची रचनाच तशी आहे. तिथे कूलर सुधारल्याची खूण तापमानात दिसत नाही, वाढलेल्या वॉटमध्ये आणि वेगात दिसते.

आता कॅबिनेटची बाजूची झडप काढा आणि हीच चाचणी परत करा. तापमान पाच-सात अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरलं, तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटचा आहे. पुढे सबंध काच असलेली देखणी कॅबिनेटं यात हमखास सापडतात. काचेमागे तीन रंगीत पंखे असतात, पण त्यांना हवा ओढायला कडेची बोटभर फट. अशा कॅबिनेटमध्ये महागडा कूलर बसवला तरी तो तीच गरम हवा घुसळत बसेल. त्या पैशांत पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. ते जमत नसेल तर निदान मागे बाहेर फेकणारा एक आणि पुढे आत ओढणारे दोन पंखे आहेत ना, आणि ते योग्य दिशेला आहेत ना, हे बघा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या आणि मधे स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

झडप काढून काही फरक पडला नाही तर धूळ बघा. कूलरच्या पंख्याखाली, पत्र्यांच्या तोंडावर, राखाडी नमद्यासारखा थर बसलेला असतो. पंखा वरून स्वच्छ दिसतो म्हणून फसू नका, टॉर्च मारून पात्यांमधून आत बघा. रंगकामाचा मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. घरातला झाडायचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

वीज आवरणं: फुकटातलं कूलिंग

खोक्यावर ६५ वॉट लिहिलंय म्हणून प्रोसेसर ६५ वॉटच खातो असं नाही. इंटेलच्या बाबतीत तो मूळ वेगाचा आकडा असतो. आय५-१२४०० ची टर्बो, म्हणजे जादा वेगाने पळतानाची, मर्यादा ११७ वॉट आहे, आय७-१२७०० ची १८० आणि आय७-१३७०० ची २१९. तिघांच्याही खोक्यावर ६५ च. शेवटच्या दोघांबरोबर येणारा गोल लॅमिनार आरएम१ कूलर सतत १८०-२१९ वॉट झेलू शकत नाही, आणि "आय७ घेतला पण तापतोच" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच जोडी असते. के अक्षराचा १३७००के तर २५३ वॉटपर्यंत जातो, त्याच्याबरोबर कूलर येतच नाही. एएमडीकडे ६५ वॉटचा प्रोसेसर साधारण ८८ वॉटपर्यंत, १०५ चा १४२ पर्यंत आणि १७० चा २३० पर्यंत जातो.

त्यात भर म्हणजे अनेक मदरबोर्ड इंटेलची ही मर्यादा सरळ काढून टाकतात. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीएल१ आणि पीएल२, म्हणजे सतत आणि थोड्या वेळापुरती ओढायच्या विजेची मर्यादा, यांच्यापुढे ४०९६ वॉट लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ "हवी तेवढी ओढ" असा. एमएसआय कंपनीच्या बऱ्याच बोर्डांत कूलर कुठला आहे ते निवडायला सांगतात: बॉक्स्ड (प्रोसेसरबरोबर आलेला), टॉवर की वॉटर. बॉक्स्ड निवडलं की मर्यादा खाली येते. बाकी बोर्डांत पीएल१, पीएल२ हाताने भरा. १२७०० साठी दोन्ही १२५ ठेवून चाचणी परत करा. वेग थोडासाच घटेल आणि तापमान चांगलंच उतरेल, कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठी प्रोसेसर सगळ्यात जास्त वीज जाळतो. रायझनमध्ये याच कामाला इको मोड आहे. गेम खेळणाऱ्याला तर हा फरक जाणवतही नाही, गेममध्ये प्रोसेसर तसाही पूर्ण भारावर क्वचितच असतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा आय५-के, आय७ किंवा आय९ असेल आणि कॉम्प्युटर अधूनमधून कारण नसताना बंद पडत असेल, तर त्यावर कूलर हा इलाज नाही. या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमचं नुकसान होत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, त्यावर नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला नियंत्रणाचा प्रोग्राम) काढला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून बायोस अद्ययावत करा. तरीही त्रास राहिला तर वॉरंटीत बदलून मागा.

एवढं सगळं करूनही फरक बजेटबाहेर जात असेल, किंवा तापमान ठीक आहे पण पंख्याचा आवाज सहन होत नाही, तर मात्र कूलर घ्यायला हरकत नाही. आवाज हे अगदी रास्त कारण आहे. रात्री घरातले झोपलेले असताना काम करणाऱ्याला ते पटेल.

कुठला घ्यायचा

टॉवर कूलरमध्ये, म्हणजे पत्र्यांचा उभा मनोरा असलेल्या कूलरमध्ये, तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, असतात. त्या भरीव नसतात. आत हवा काढून घेतलेली पोकळी आणि थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरच्या उष्णतेने खालच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती वर पत्र्यांमध्ये जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून पाणी परत खाली झिरपतं. भरीव तांब्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता वर जाते ती यामुळे. म्हणून नळ्या किती आणि पत्र्यांचा पसारा केवढा, हे बघायचं. खोक्यावरच्या "२२० वॉट", "२६० वॉट" या दाव्यांची एकमेकांशी तुलना करू नका. प्रत्येक कंपनी ते आपापल्या पद्धतीने मोजते.

तुम्ही मोजलेले वॉट समोर ठेवा. ९० च्या आत असाल, म्हणजे रायझन ५ ५६००, आय३-१२१०० या वर्गात, तर बरोबर आलेला कूलर काम भागवतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तो ओरडेल, इतकंच. ९० ते १५० वॉटच्या मधे एका टॉवरचा, १२० मिमी पंख्याचा, चार नळ्यांचा कूलर घ्या. डीपकूल एके४०० आणि कूलर मास्टरची हायपर २१२ मालिका या वर्गातली. घरगुती कॉम्प्युटरपैकी बहुसंख्य इथेच येतात आणि साधारण दोन-तीन हजार रुपयांत काम होतं. १५० ते २२० पर्यंत दोन टॉवरचा: थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई सहा नळ्या आणि दोन पंखे देतो आणि किमतीच्या मानाने फारच चांगला आहे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ महाग, पण शांत, आणि नवं सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) आलं की त्याचं माउंटिंग कंपनी पुरवते, त्यामुळे तो एकदा घेतला की दोन-तीन कॉम्प्युटरला पुरतो. २५० वॉट सतत जाळायचेच असतील, रोज तासन्‌तास थ्रीडी रेंडरिंगचं काम असेल, तर ३६० मिमीचा लिक्विड कूलर विचारात घ्या.

लिक्विडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आपल्या धुळीत, उन्हाळ्यात आणि आपल्या सर्व्हिसच्या सोयी पाहता, चांगला हवेचा कूलर बहुतेक घरांसाठी अधिक शहाणपणाचा. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, आणि तो कुठेही मिळतो. लिक्विडमध्ये त्याशिवाय पंप आहे. नळ्यांच्या रबरातून द्रव वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो, आणि बंद युनिट असल्याने बहुतेकांत तो परत भरता येत नाही. पंप बंद पडला की प्रोसेसर थोड्याच वेळात मर्यादेला भिडतो. शिवाय २४० मिमीचा स्वस्त लिक्विड कूलर दोन टॉवरच्या चांगल्या हवेच्या कूलरपेक्षा फारसा पुढे नसतो, किंमत मात्र बरीच जास्त. तरी घेतलाच तर रेडिएटर (पाणी थंड करणारी, पंखे लावलेली जाळी) वर कॅबिनेटच्या छताला लावा, किंवा पुढे लावल्यास त्याचा वरचा काठ पंपाच्या वर राहू द्या. आतली हवा सर्वांत उंच जागी जमते, ती पंपात अडकली तर खडखडाट होतो आणि पंप लवकर जातो. आणि त्याची चाचणी १० मिनिटांत उरकू नका. पाणी तापायला वेळ घेतं, अर्धा तास चालवा.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. प्रोसेसरशेजारचे वीज पुरवणारे घटक, म्हणजे व्हीआरएम, स्वस्त एच६१० बोर्डांवर बऱ्याचदा उघडे असतात, त्यांना हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा, नसतं. बरोबर आलेला गोल कूलर हवा खाली बोर्डावर मारतो, त्यामुळे त्यांनाही वारा मिळतो. टॉवर लावला की हवा आडवी वाहते, लिक्विड लावला की तिथे वाराच उरत नाही. मग प्रोसेसर ७० वर निवांत असतो आणि तरीही वेग पडतो, कारण व्हीआरएम तापलेलं असतं. अशा बोर्डावर आय७ बसवला असेल तर वीजमर्यादा खाली आणा आणि मागचा पंखा चालू ठेवा. कूलरवर जास्त पैसे घालू नका.

बसेल का, हे खरेदीआधी तपासा

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात प्रोसेसर कूलरची कमाल उंची दिलेली असते. एके४०० ची उंची १५५ मिमी, एनएच-डी१५ ची १६५. कॅबिनेट १६० सांगत असेल तर दुसरा विसरा, झडप लागणार नाही. माहितीपत्रक नसेल तर झडप काढून प्रोसेसरच्या पातळीपासून कॅबिनेटच्या काठापर्यंत पट्टी धरा आणि ५ मिमी सोडा. मग रॅम. उंच हीटसिंकवाली रॅम कूलरच्या पंख्याखाली येते. डी१५ च्या पंख्याखाली फक्त ३२ मिमी जागा असते. पंखा वर सरकवता येतो, पण मग एकूण उंची वाढते.

सॉकेटचं गणित नीट बघा. इंटेलच्या जुन्या ११५०, ११५१, १२०० या सॉकेटांची भोकं ७५ मिमी अंतरावर, १७०० ची ७८ मिमीवर. म्हणून जुना कूलर १७०० वर आपोआप बसत नाही, नवी पट्टी लागते. १७०० चं माउंटिंग १८५१ ला चालतं. एएमडीत एएम४ आणि एएम५ ची भोकं सारखीच, पण एएम५ ची मागची प्लेट सॉकेटला जोडलेली असते, काढता येत नाही. स्वतःची मागची प्लेट लागणारे जुने कूलर तिथे अडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, खोक्यावर तुमच्या सॉकेटचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना साठा स्वस्तात निघतो तेव्हा १७०० ची पट्टी आत नसल्याचं घरी आल्यावर कळतं.

जुना काढताना

एएम४ वाल्यांनी हा भाग सावकाश वाचा. या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि सॉकेट त्यांना फारसं घट्ट धरत नाही. पेस्ट वाळून चिकटलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर बंद सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला चिकटूनच बाहेर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम किंवा चाचणी चालवून पेस्ट गरम करा. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. मग स्क्रू सोडवा आणि कूलर दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने पिळा. एक क्षण असा येतो की तो सैल होऊन घसरायला लागतो. तेव्हाच वर उचला. एएमडीबरोबर येणाऱ्या रेथ स्टेल्थसारख्या स्क्रूच्या कूलरला आणखी एक खबरदारी: स्क्रू निघाले की बोर्डामागची प्लेट खाली पडते. कॅबिनेट आडवं ठेवून, मागून हाताने प्लेट धरून मगच शेवटचा स्क्रू काढा.

इंटेलच्या कूलरला चार काळ्या खुंट्या असतात. प्रत्येकीवर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. १७०० मध्ये प्रोसेसर पोलादी चौकटीत घट्ट असतो, तो उपटून येण्याची भीती नाही.

जुनी पेस्ट पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. हातावरचं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. चष्मा पुसायच्या कापडाने, कडेकडून मधे पुसत या, म्हणजे घाण बोर्डावर सांडत नाही. धातू आरशासारखा दिसू लागला की झालं.

नवा बसवताना

कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असते. ती काढा. बसवल्यावर लगेच ९५-१०० दिसलं तर सर्वांत आधी संशय या फिल्मवर घ्यायचा.

मागची प्लेट आणि खांब आधी लावा. मग पेस्ट. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ सारखी वीज न वाहणारी पेस्ट घ्या. पेस्टींमधला फरक एक-दोन अंशांचा असतो, बसवण्यातला फरक दहा अंशांचा. एएम४ च्या चौकोनी प्रोसेसरवर मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पुरे. इंटेल १२ व्या पिढीपासून प्रोसेसर लांबट झालाय, त्यावर लांबीच्या दिशेने एक रेघ किंवा फुली काढा. बोटाने पसरू नका, दाबाने ती आपोआप पसरते. एएम५ च्या झाकणाला कडेला खाचा आहेत, त्यात थोडी पेस्ट गेली तरी अशा पेस्टीने अपाय होत नाही. द्रव धातूची पेस्ट मात्र घरी टाळा. तिच्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि थेंब बोर्डावर पडला तर शॉर्ट सर्किट.

कूलर सरळ वरून टेकवा आणि दोन्ही स्क्रू बोटांनी फक्त धरतील इतके फिरवा. मग एका बाजूला दोन-तीन फेरे, दुसऱ्या बाजूला दोन-तीन फेरे, असं आलटून पालटून. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी धरली तर कूलर कललेला बसतो आणि एका कडेला पेस्टचा जाड थर राहतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये एकाच बाजूचे कोअर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा अंश गरम दिसले, तर बसवणं परत करायला लागेल. स्क्रू थांबेपर्यंत फिरवा, पुढे जोर लावू नका.

पंखा रॅमच्या बाजूला, हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाईल असा लावा. वायर बोर्डावर "सीपीयू फॅन" लिहिलेल्या जागी. दुसरीकडे लावली तर सुरू होताना पंखा नसल्याची सूचना येते. वायरचा लोंबता भाग पात्यांत जाणार नाही असा बांधा.

परत मोजा आणि पंखा शिकवा

पहिल्या वेळेसारखीच चाचणी करा, वहीतला फरक आणि नवा फरक शेजारी लिहा. खोलीचं तापमान त्या दिवशी वेगळं असलं तरी फरक तुलनेला चालतो, हाच या पद्धतीचा फायदा.

मग बायोसमधला पंख्याचा आलेख. कंपन्यांचा मूळ आलेख थंड खोल्यांसाठी बेतलेला असतो. ४० अंशांच्या खोलीत प्रोसेसर काही काम नसतानाही ५०-५५ वर असतो, त्यामुळे पंखा सतत चढ-उतार करत राहतो. ५५ अंशांपर्यंत ३० टक्के, ७० ला ५५ टक्के आणि ८५ ला पूर्ण वेग अशी सुरुवात करून बघा. पंख्याच्या प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर द्यायची सोय बहुतेक बोर्डांत असते, ती वापरा. ब्राउझर उघडला की क्षणभर तापमान उसळतं, त्या प्रत्येक वेळी पंखा भुंकायची गरज नाही.

विदर्भात, खानदेशात खिडकीत वाळ्याचा किंवा लाकडाच्या भुश्याचा कूलर असतो. तो खोली बरीच खाली आणतो आणि ते सगळे अंश तुमच्या बजेटमध्ये जमा होतात. पण कॉम्प्युटर त्याच्या थेट झोतात ठेवू नका. त्या वाऱ्यात बारीक तुषार असतात आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार बोर्डावर पांढरे डाग पाडतात. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि समोरची एक खिडकी किलकिली राहू द्या. कोकणात आणि गोव्यात त्रास वेगळा: खारी, दमट हवा स्क्रू गंजवते आणि धूळ पत्र्यांवर चिकट होऊन बसते. तिथे पावसाळ्यानंतर एकदा उघडून साफ करायलाच हवं.

दोन टॉवरचा कूलर किलोभरापेक्षा जड असतो. हॉस्टेल सोडताना किंवा घर बदलताना कॅबिनेट टेम्पोत उभं ठेवलं, तर खड्ड्यांचा सगळा हिसका मदरबोर्डला बसतो. कूलर काढून न्या. ते शक्य नसेल तर झडपेची बाजू वर करून कॅबिनेट आडवं ठेवा. जुना कूलर, त्याच्या खुंट्या आणि एएमडीचे प्लास्टिकचे ब्रॅकेट एका पिशवीत घालून खोक्यात जपून ठेवा. जुना कॉम्प्युटर विकताना घेणारा तोच बरोबर आलेला कूलर मागतो.